जुन्या साड्यांची जाळी, त्यात नाच आणि माझे अडलेले प्रश्न

पायरव

नमस्कार मंडळी. मी पुण्यात कथक शिकवते, १४ वर्षं झाली. धागा मोठा आहे, सवडीने वाचा, पण वाचून झालं की काहीतरी लिहा नक्की, कारण मला खरंच अडलंय.

मागच्या वर्षी ट्रिशा ब्राउन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेच्या 'फ्लोअर ऑफ द फॉरेस्ट' या कामाचं रेकॉर्डिंग बघितलं. काम १९७० चं, न्यूयॉर्कमधलं. लोखंडी पाईपची मोठी आडवी चौकट, साधारण डोळ्यांच्या उंचीवर, तिच्यात दोरांची जाळी आणि त्या दोरांत ओवलेले जुने शर्ट, पँट, स्वेटर. दोन नर्तकी जाळीवर चढतात आणि त्या कपड्यांत शिरतात, म्हणजे दोरात ओवलेला शर्ट तसाच अंगात घालायचा, त्यात लोंबकळत जरा विसावायचं, मग त्यातून निघून पुढच्या पँटमधे पाय. बस, एवढंच. पहिल्यांदा केलं तेव्हा खाली जुन्या कपड्यांची विक्री चालू होती आणि लोकांना नाच बघायला वाकावं लागत होतं नाहीतर टाचा उंच कराव्या लागत होत्या. कपडे घालणं-काढणं आपण झोपेतही करू, पण तेच आडवं होऊन करायचं म्हटलं की शरीराला सगळं नव्याने शोधावं लागतं, बाही कुठेय, वजन कुठे टाकू, डोकं आधी की हात आधी. मला इतकं भिडलं की त्या रात्री झोप लागली नाही.

आणि मग आठवली आजीकडे येणारी बोहारीण. दारात बसून साडी उजेडाकडे धरायची, घडीवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, विरलीय ओ बाई, हिचं काय येणार. आजी पातेल्यावर अडून बसायची, ती वाटीवर. अर्धा तास चालायचं. त्या साड्या कुठे जायच्या ते आम्ही कधी विचारलं नाही.

तर ठरवलं की आपण साड्यांची जाळी करायची. ४२ साड्या जमल्या. ९ आजीच्या ट्रंकेतल्या, काही सोसायटीतून, आणि बाकीच्या एका बोहारणीकडून पैसे देऊन घेतल्या. परांचीचे पाईप भाड्याने आणले, १२ बाय १४ फुटाची चौकट केली, छातीएवढ्या उंचीवर. दोर बांधले, दोरांवर साड्या पिळून, गुंडाळून, कुठे सैल सोडून.

पहिल्या दिवशी चार मुली घुंगरू बांधून चढल्या आणि पाचव्या मिनिटाला सगळं थांबलं. घुंगरू काठाच्या धाग्यांत अडकले, एकीचा पाय वर राहिला आणि अंग खाली, मी धावत जाऊन धरली. तत्कार, म्हणजे पायांनी वाजवायचे बोल, ते तर ऐकूच येईनात, कापडावर पाय मारला तर आवाज कुठून येणार. आणि आजीची एक नारायणपेठ घडीवर टर्रकन फाटली, सगळ्या गप्प.

पण त्याच दिवशी एक गोष्ट दिसली ती सांगते. माझी सगळ्यात लहान विद्यार्थिनी, जिला मी दोन वर्षं सांगतेय की मनगटातली घाई काढ, ती एका सैल साडीत उलटी लोंबकळत होती आणि पदर डोळ्यांवरून बाजूला करायला तिने हात उचलला. इतका हळू, इतका खरा. घुंघट की गत, म्हणजे पदर सावरायची कथकातली चाल, शिकवताना मला जे हवं असतं ते तेच होतं, आणि ते तिला मी नाही, त्या साडीने शिकवलं.

आता अडलंय कुठे? एक म्हणजे सेफ्टी, त्यातलं मला काही कळत नाही. दुसरं आवाजाचं काय करू, घुंगरू सोडले तर कथकातलं उरलं काय असं माझ्याच मनात येतंय. आणि तिसरं, जे जास्त छळतंय, अशा कामात टाकून दिलेल्या वस्तू नुसत्या मागे सजावट म्हणून उभ्या राहू नयेत यासाठी तुम्ही काय करता? मी बघितलेल्या बऱ्याच कार्यक्रमांत मागे बाटल्यांचा मोठा वृक्ष असतो आणि पुढे नेहमीचाच नाच चालू असतो, वृक्ष काढून घेतला तरी नाचाला काही फरक पडणार नाही. मला तसं करायचं नाहीये.

गोडंबा

वाचतेय. घुंघटचा किस्सा वाचून अंगावर काटा आला.

खिळा_हातोडा

ताई, मी नेपथ्याचं काम करतो, २२ वर्षं. आधी सांगतो, पुढची तालीम करू नका जोपर्यंत कोणी जाणकार माणूस चौकट बघत नाही. घाबरवायला नाही सांगत, हिशोब सांगतो.

दोर जेवढा ताणून बांधाल तेवढा तो सेफ असं सगळ्यांना वाटतं, ते बरोबर उलटं आहे. १२ फुटाचा दोर, मधे ५० किलोची मुलगी, आणि दोराला फक्त १ फूट झोळ असेल तर दोन्ही टोकांना प्रत्येकी दीडशे किलोच्या आसपास ताण येतो. ५० किलोचे दीडशे झाले, आणि हे ती शांत बसलीय तेव्हा. तिने अंग टाकलं, उडी घेतली की दोन-तीन पट सहज. झोळ साडेतीन फुटाचा सोडला तर ताण ५० किलोवर येतो. म्हणून झोळ द्या, भरपूर द्या. आणि हा ताण पाईपला आत ओढतो, नुसते चार खांब उभे केले असतील तर चौकट हळूहळू शंकरपाळ्यासारखी होणार, चारही बाजूंना तिरके पाईप मारायलाच पाहिजेत. जोडाला फिक्स क्लॅम्प वापरा, फिरणारे क्लॅम्प फक्त तिरक्या पाईपला. रोज तालमीआधी प्रत्येक क्लॅम्पचा नट पान्याने बघायचा, हाताने नाही.

सुतळी कुठेच नको. एका नाट्यगृहात (नाव नको) आम्ही पत्र्याच्या डब्यांची कमान टांगली होती, ज्याने बांधली त्याने दोन ठिकाणी सुतळी मारली होती कारण दोर संपला, पत्र्याच्या धारेवर घासून घासून तिसऱ्या प्रयोगाला सुतळी तुटली. कमान पडली तेव्हा खाली कोणी नव्हतं म्हणून आज हे लिहितोय. पत्रा असेल तर धार दुमडायची, त्यावर जुन्या सायकलची ट्यूब चिरून चढवायची, आणि टिटॅनसचं इंजेक्शन सगळ्यांनी घेतलेलं पाहिजे.

अजून एक, पॅलेटचं लाकूड (माल ठेवायच्या लाकडी फळ्या) घेणार असाल तर त्यावरचा शिक्का बघून घ्या. एचटी लिहिलंय म्हणजे उष्णता देऊन कीड मारलीय, ते चालेल. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं असतं, त्यावर पोरींना अनवाणी नाचवू नका.

आडवा_धागा

माहेर इचलकरंजी, घरात लूम, त्यामुळे कापडाचं मी सांगते.

जुनी सुती साडी सगळीकडून सारखी विरत नाही, वर्षानुवर्षं ज्या घडीवर दुमडली तिथे आधी जाते. म्हणजे दिसायला धडधाकट साडी आणि दर वीतभर अंतरावर एक मेलेली रेघ. तुमची नारायणपेठ तिथेच फाटली. बोहारीण उजेडात धरून बघते ते याच्यासाठी, उजेडात ती रेघ पांढुरकी दिसते. त्यामुळे साडीवर थेट वजन नकोच, वजन दोराने घ्यायचं, साडी फक्त अंगाशी. वजन घ्यायलाच हवं असेल तर साडी दुहेरी करून पीळ द्या, पीळ दिला की कमजोर जागेचा भार शेजारच्या धाग्यांवर वाटला जातो, तरी आधी वाळूची पोती टांगून बघा, रात्रभर ठेवा. जरीच्या काठाने मानेवर, काखेत ओरखडे येतात, तो काठ बाहेरच्या बाजूला.

सिंथेटिक साड्या आणि जुने हॅलोजन लाईट हे दोन्ही एका ठिकाणी नको. पॉलिस्टर जळताना वितळतं आणि कातडीला चिकटतं. सुती कापडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी देतात, साधारण ७ ला ३ असं प्रमाण, ते वाळवून एक पट्टी काढून बाहेर जाळून बघायची. धुतलं की ते निघून जातं हे लक्षात ठेवा, आणि पॉलिस्टरवर त्याचा भरवसा धरू नका. मी तर म्हणेन एलईडीच वापरा.

बाराखडी

म्हणजे शाळेत करायचो ते टाकाऊतून टिकाऊच ना हे, फक्त मोठ्या प्रमाणात? खरंच विचारतोय, मला यातलं कळत नाही.

पायरव

@बाराखडी, नाही ओ, आणि तुम्ही विचारलंत ते बरं झालं. टाकाऊतून टिकाऊमधे आपण बाटलीची फुलदाणी करतो, म्हणजे बाटली ही बाटली होती हे विसरायला लावतो, जितकी ओळखू येणार नाही तितकं कौतुक. मला साडी ओळखू यायला हवीय. ही कोणीतरी २० वर्षं नेसली, हिच्या निऱ्या एका ठराविक जागी पडायच्या, पदर एका ठराविक खांद्यावर, तिथला रंग उडालाय. आणि टिकाऊ तर काहीच होणार नाहीये, दर तालमीला थोडी थोडी फाटतेच आहे.

@खिळा_हातोडा दादा, तुमचा हिशोब वाचून हातपाय गार पडले. तालीम थांबवलीय. आमचे दोर तंबोऱ्याच्या तारेसारखे ताणलेले होते आणि मला तेच बरोबर वाटत होतं.

शिकागोकर

मूळची नाशिकची, शिकागोमधे राहते, म्हणून इथल्या एका माणसाबद्दल सांगते. निक केव्ह. गायक नाही, त्याच नावाचा शिल्पकार, इथल्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या स्कूलमधे शिकवतो. तो नाचही शिकलाय, ॲल्विन एली या नृत्यदिग्दर्शकाच्या संस्थेत.

१९९१ मधे लॉस एंजेलिसमधे पोलिसांनी रॉडनी किंग या काळ्या माणसाला बेदम मारलं, त्याचा व्हिडिओ जगभर गेला. केव्ह स्वतः काळा. तो त्या अस्वस्थतेत बागेत बसला होता, जमिनीवर वाळक्या काटक्या पडलेल्या, पायदळी तुडवायच्या, कोणाला नको असलेल्या. त्या गोळा केल्या, तुकडे केले, भोकं पाडून एकमेकांना जोडल्या. त्याला वाटत होतं आपण शिल्प करतोय. पूर्ण झाल्यावर लक्षात आलं की हे अंगात घालता येईल, घातलं, हलला, आणि आवाज झाला. म्हणून साउंडसूट. त्यानंतर त्याने असे शेकडो केलेत, बटणं, जुनी खेळणी, क्रोशाचे रुमाल, पत्र्याच्या भिरभिऱ्या, सेकंडहँड बाजारात जे मिळेल ते. आत कोण आहे, गोरा की काळा, बाई की पुरुष, काही कळत नाही.

तुमच्या आवाजाच्या प्रश्नाला मला वाटतं इथे उत्तर आहे. त्याने आवाज वरून घातला नाही, काटक्यांनी दिला. साडीचा पण आवाज असेलच की. तुम्ही घुंगरूचा आवाज शोधताय म्हणून तो ऐकू येत नाहीये.

हे पण लिहिते, मी म्युझियममधे ते सूट पुतळ्यांवर घातलेले बघितलेत, सुंदर आहेत पण गप्प उभे. २०१३ मधे न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवर त्याने राफियाच्या (ताडाच्या पानांचे धागे) ३० घोड्यांचा नाच केला होता, दोन-दोन नर्तक एका घोड्यात, त्याचे व्हिडिओ बघा. तीच वस्तू नाचायला लागली की दुसरीच होते.

रिकामा_रंगमंच

थोडं वेगळं मत मांडतो, वाद म्हणून घेऊ नका.

पायरव म्हणतायत की वस्तूने नाचाला बदललंच पाहिजे, नाहीतर ती सजावट. नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम आणि चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग या अमेरिकनांनी १० वर्षं याच्या बरोबर उलट केलं. १९५४ मधे 'मिन्यूशे' या नाचासाठी राउशेनबर्गने लाकूड, कापड, वर्तमानपत्रं, आरसा असं जोडून एक उभी वस्तू केली, तिच्याखालून-मधून नर्तक जात. पण नाच वेगळा बसवलेला, वस्तू वेगळी बनवलेली, संगीत तिसरीकडे, तिन्ही एका जागी एका वेळी घडतात एवढंच. १९६३ चा 'स्टोरी' तर प्रत्येक गावी नव्या सेटचा, राउशेनबर्ग त्या थिएटरच्या मागे-पुढे जे सापडेल ते उचलून त्या दिवसापुरतं काहीतरी उभं करायचा. इंग्लंडमधे एका ठिकाणी काहीच मिळेना तर तो आणि त्याचा सहकारी अलेक्स हे (हे त्याचं आडनाव) असे दोघं स्टेजवर मागे उभे राहून शर्टांना इस्त्री करत होते, तोच सेट.

आणि ही मंडळी १९६४ च्या वर्ल्ड टूरमधे आपल्याकडे आली होती, मुंबई, अहमदाबाद, चंदीगड, दिल्ली. अहमदाबादला साराभाई कुटुंबाने बोलावलं होतं, गीता साराभाईंनी १९४६ मधे कनिंगहॅमचा संगीतकार जॉन केज याला भारतीय संगीत शिकवलेलं, ती ओळख. १९७५ मधे राउशेनबर्ग परत अहमदाबादला आला आणि गांधी आश्रमाच्या कागद कारखान्यात चिंध्यांच्या लगद्यापासून कागद करणाऱ्या कारागिरांबरोबर बसून काम करून गेला.

सांगायचं एवढंच की वस्तू आणि नाच शेजारी शेजारी, एकमेकांना न विचारता उभे असले तरी त्यात काहीतरी घडतं. तुम्ही म्हणता तो बाटल्यांचा वृक्ष वाईट आहे तो शेजारी उभा आहे म्हणून नाही, वृक्ष म्हणून वाईट आहे.

पायरव

@रिकामा_रंगमंच, दोन दिवस विचार करत होते. कनिंगहॅमच्या नर्तकांचं शरीर असं घडलेलं होतं की मागे काहीही उभं केलं तरी चालेल, तीच त्यांची शिस्त. माझ्या मुलींचं शरीर ठेक्यावर, लेहऱ्यावर (साथीची फिरती धून), समेवर (तालाची पहिली मात्रा) घडलंय. आम्ही कशाच्या तरी सोबतच नाचतो, सम आली की तबलजी आणि आम्ही एकमेकांकडे बघतो. त्यामुळे साडीलाही मी साथीला बसवणार, ती शेजारी नुसती असून मला नाही चालणार. पण तुमचं शेवटचं वाक्य मान्य, वृक्षाबद्दलचं.

@शिकागोकर, तुमचं वाचल्यावर परवा रात्री एकटी हॉलमधे गेले, फोन बंद, घुंगरू नाहीत, चौकटीला टेकून बसले आणि एकेक साडी हलवली. कडक खळ दिलेली इरकल खडखडते. सिल्क कुजबुजतं. नायलॉनची तडतडते, अंधारात ठिणगी पण दिसते. आणि जुनी मऊ सुती काहीच बोलत नाही, तिला फक्त झटकली तर एक जाड फट् असा आवाज येतो, गच्चीवर वाळत घालताना येतो तो. तो फट् मी समेवर टाकून बघितला. बरोबर बसला. मी एकटीच हॉलमधे जोरात हसले.

येळकोट

मी लातूरकडचा. इथं लिहू का नको असं दोन दिस झालं, पन लिहितोच.

चिंध्या अंगावर बांधून नाचनारा मानूस आमच्या घरात होता. माझा आज्जा पोतराज. कमरेला खनाच्या, लुगड्याच्या चिंध्यांचा घागरा, पायात घुंगरं, हातात कोरडा, उघड्या अंगावर फटके मारून घ्यायचा आन दारोदारी मरीआईच्या नावानं मागायचा. त्या घागऱ्यातली एक एक चिंधी कुना बाईनं नवसाची दिलेली, कुनी उतरून टाकलेली. तुमी म्हनता ना का कपड्याला कुनाच्या तरी अंगाची आठवन असती, ती आज्ज्याला म्हाईत होती, तो सांगायचा ही पाटलाच्या सुनंची, ही वान्याच्या घरची.

माझ्या बापानं जटा कापल्या आन ते सोडलं. मोठ्या मानसांच्या सभेत कापल्या, गावात लई बोलले लोक. आमच्यासाठी तो नाच सोडनं ही मोठी गोष्ट होती. म्हनून माझी एकच इनंती, उद्या कुनी म्हनंल पोतराजाचा घागरा किती भारी इन्स्टॉलेशन आहे, चला तो घालून नाचू, तर तसं करू नका. चिंधी सोडायला कुनाची तरी एक पिढी गेलीय. तुमच्या साडीच्या कामाला माझा इरोध नाही, उलट वाचताना आज्ज्याचा आवाज आठवला, म्हनून लिहिलं.

पायरव

@येळकोट दादा, लिहिलंत, फार मोठी गोष्ट केलीत. खरं सांगायचं तर माझ्या वहीत दुसऱ्याच पानावर पोतराज असं लिहून गोल केलेला होता, कॉस्च्युमचा संदर्भ म्हणून. ते पान खोडलं. तुमच्या आजोबांना कोणाची चिंधी कोणती ते माहीत होतं, आणि माझ्याकडे ४२ साड्या आहेत आणि त्यातल्या ९ सोडल्या तर मला एकीचंही घर माहीत नाही. हे आता डोक्यातून जात नाहीये.

डोंगरवाट

जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याला, म्हणजे मुखवटे घालून सोंगं नाचवायच्या उत्सवाला, जाऊन या जमलं तर. मुखवटे आधी लाकडाचे असायचे, आता कागदाच्या लगद्याचे पण करतात. मुखवटा चढवला की दिसतं जेमतेम, मान वळवायची तर सगळं धड वळवावं लागतं, आणि समोर संबळ-पिपाणी चालू. सोंगाची ती डुलत, थांबत, पाऊल चाचपत जायची चाल मुखवट्यातूनच आलीय असं मला दरवेळी वाटतं. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल म्हणतोय. वस्तू जड असू द्या, अडवू द्या, चाल आपोआप येते.

कागद_काच

मी पुण्यातच, कचरावेचकांच्या प्रश्नावर काम करणाऱ्यांपैकी. इथे १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे, तिच्यातूनच पुढे स्वच्छ ही सहकारी संस्था उभी राहिली, दारोदारचा कचरा ज्या मावश्या नेतात त्या तिच्या सभासद. एक गोष्ट विचारायची आहे. असे कलाप्रकल्प आमच्याकडे नियमित येतात, मटेरियल हवं असतं, फोटो हवे असतात, आणि कार्यक्रमाच्या दिवशी त्या बायका कुठेच नसतात, पत्रिकेत आभारात 'कचरावेचक भगिनी' अशी एक ओळ. तुम्ही बोहारणीकडून साड्या घेतल्यात त्या कोणत्या भावाने घेतल्या? आणि तिला माहिती आहे का त्याचं काय होणार आहे?

पायरव

रास्त प्रश्न. पहिल्यांदा घेतल्या तेव्हा मी घासाघीस केली होती, आजीसारखी. तिला सांगितलं नव्हतं कशासाठी. तुमचा प्रतिसाद वाचल्यावर तिला शोधायला गेले, जुन्या बाजारात, रविवारी. सापडली. पुढचं दोन-तीन आठवड्यांनी लिहिते, तालमी चालू झाल्या की.

गोडंबा

वाट बघतेय. धागा वर काढत राहीन.

पायरव

अपडेट. सव्वीस दिवसांनी.

आधी चौकट. खिळा_हातोडा दादांनी फोनवर तास दीड तास दिला, त्यांच्या ओळखीचा एक माणूस येऊन सगळं बघून गेला. तिरके पाईप मारले, दोर बदलले, झोळ सोडला. चौकट आता माझ्या डोक्याएवढी उंच आहे आणि दोर पोटाशी येतील इतके खाली लोंबतात. झोळ सोडल्यावर नाच पूर्ण बदलला. ताणलेल्या दोरावर मुली तोल सांभाळत चालायच्या, सर्कससारखं. आता त्या बुडतात. एका दोराच्या तळाशी गेलं की बाहेर यायला दुसऱ्या कोणाचा तरी हात लागतो किंवा शेजारच्या साडीचा, एकटीला येताच येत नाही.

घुंगरू. चौघींपैकी तिघींचे काढले. एकीच्या पायात २५ ठेवलेत, वरून मलमलची पट्टी गुंडाळून, ती चौकटीखाली असते, जमिनीवर. जमिनीवर तेलाचे १५ किलोचे डबे चिरून सपाट केलेले पत्रे, कडा दुमडून ट्यूब लावलेले (दादा, बघा, लक्षात ठेवलं). त्यावर तत्कार केला की ता थेई थेई तत् चा प्रत्येक बोल वेगळ्या पत्र्यावर वेगळा वाजतो, एक पत्रा पिचका आहे तो तर दर वेळी अर्धी मात्रा मागून कुरकुरतो. तबलजी म्हणाले बदला तो, मी म्हटलं नाही, तो कुरकुरायला लागला की वरच्या मुली सम ओळखतात.

आणि बोहारीण मावशी. त्यांना मी सगळं सांगितलं, व्हिडिओ दाखवला. त्यांनी शांतपणे बघितलं आणि विचारलं, "ह्या पोरी पडल्या तर?" त्यांना पहिल्या साड्यांचे राहिलेले पैसे दिले, आणि तालमीला यायचे दिवसाचे पैसे ठरवले, त्या दोन दिवस आल्या. चौकटीभोवती फिरून एकेक साडी बोटांनी चाचपली. ही टिकंल. ही नाही. ही दोन बाळंतपणं झालेल्या बाईची आहे, हिच्या पदराला बघ दुधाचं सुकलेलं, कितीदा धुतलं तरी कडक राहतं. मी तीच साडी रोज बांधत होते, मला कधी लागलं नव्हतं हाताला.

मग त्यांनी आमची एक गाठ सोडली आणि झोळी बांधून दाखवली. बाळाची झोळी. साडी दुहेरी, वर गाठ मारून टोकं परत आत खोचायची, खाली वजन आलं की गाठ आणखी आवळते आणि वजन गेलं की एका झटक्यात सुटते. ऊसतोडीला गेलेल्या बायका झाडाला बांधतात तीच. आमच्या चारही मुलींनी शिकली. आता नाच सुरू होतो तेव्हा चौकट रिकामी असते, नुसते दोर. मुली एकेक साडी घेऊन येतात, उजेडाकडे धरतात, घडीवरून बोट फिरवतात, आणि झोळी बांधून तिच्यात शिरतात. ठायपासून द्रुतपर्यंत, म्हणजे संथपासून जलदपर्यंत, लय त्या बांधण्यातच चढत जाते. शेवटी सगळ्या झोळ्या एकामागून एक सुटतात आणि साड्या घडी घालून परत ठेवल्या जातात. साड्या घडी घालायला दोघी लागतात, समोरासमोर, टोकं जुळवत जवळ यायचं, परत लांब जायचं, तो भाग मी बसवलेलाच नाही, तो तसाच होतो.

सादरीकरण थिएटरमधे नाही करत, एक जुनी गोदामाची शेड मिळालीय, ६० माणसं उभी राहतील. मावशींचं नाव पत्रिकेत आमच्या चौघींच्या बरोबरीने, त्यांना विचारून. त्या म्हणाल्या, "नाव टाक, पन फोटो नको." आणि पहिल्या दिवशी त्या बाहेर दारात बसणार आहेत, भांडी घेऊन, त्यांचा धंदा करत, ही त्यांचीच कल्पना. ज्यांना जुनी साडी द्यायची असेल त्यांनी त्यांच्याशी भाव करावा.

आजीची फाटलेली नारायणपेठ पण आहे. आडवा_धागा, तुम्ही सांगितलं तसा पीळ देऊन बघितला, पण मावशींनी उजेडात धरली आणि मान हलवली. ती बांधत नाही, ती पत्र्याखाली अंथरलीय, आवाज थोडा गोल होतो.

आडवा_धागा

शेवटचं वाचून माझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तिच्या ट्रंकेतल्या दोन पाठवते, पण आधी त्या मावशींना दाखवा.

येळकोट

तारीख कळवा. लातूरहून येतो. बापाला घेऊन येतो, त्याला बघायचंय झोळीचं.

कागद_काच

पत्रिका झाली की इथे टाका. आमच्याकडच्या काही जणींना यायचंय, तिकीट काय?

पायरव

तिकीट नाही ठेवलेलं. शेडचं भाडं आणि मावशींचे पैसे माझ्या क्लासच्या वार्षिक कार्यक्रमाच्या खर्चातून, पालकांनी स्वतःहून तसं सुचवलं. सगळ्या या. उभं राहायला लागेल, वृद्ध असतील त्यांच्यासाठी बाकडी आहेत.

खिळा_हातोडा

ताई, आदल्या दिवशी संध्याकाळी ५ ला मी स्वतः येतो, पाना घेऊन. सगळे क्लॅम्प मी बघणार, त्याशिवाय कोणी चढायचं नाही. आणि तुम्ही टाकलेल्या फोटोत उजवीकडून तिसरी जी हिरवी साडी आहे, पोपटी काठाची, ती तेवढी आजच उतरवा. फोटोत पण घडी पांढरी दिसतेय.